१३ हजार वर्षं जुन्या पुरावर बोलायलाही मंत्र्यांची परवानगी! कॅनडातल्या शास्त्रज्ञांच्या मुस्कटदाबीचं प्रकरण काय होतं?

२०१० सालची गोष्ट. कॅनडाच्या नैसर्गिक संसाधन खात्यातले भूवैज्ञानिक स्कॉट डॅलिमोर सहलेखक असलेला एक शोधनिबंध 'नेचर' या नामांकित विज्ञान नियतकालिकात छापून आला. विषय होता महापुराचा. पण हा पूर आला होता तब्बल १३ हजार वर्षांपूर्वी, कॅनडाच्या उत्तर भागात. हिमयुगाच्या शेवटी एका अवाढव्य सरोवराचं पाणी फुटून आर्क्टिक महासागरात गेलं, असा त्या संशोधनाचा निष्कर्ष होता.

साहजिकच पत्रकारांनी डॅलिमोर यांच्याशी संपर्क साधला. शास्त्रज्ञाने फोनवर पाच-दहा मिनिटांत समजावून सांगावा, असा हा विषय. पण मुलाखत द्यायची तर थेट मंत्र्यांच्या कार्यालयाची मंजुरी लागेल, असं समोर आलं. ती मंजुरी मिळेपर्यंत पत्रकारांची बातमी देण्याची वेळ निघून गेली होती.

आता १३ हजार वर्षांपूर्वीच्या पुरामुळे कुठल्या पक्षाची मतं घटणार होती? कुणाचीच नाही. पण नियम म्हणजे नियम. याच नियमांनी पुढे कॅनडात मोठा वाद पेटवला. शास्त्रज्ञ पांढरे कोट घालून रस्त्यावर उतरले, त्यांनी प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली आणि २०१५ च्या निवडणुकीत हा चक्क प्रचाराचा मुद्दा झाला.

सरकारी पगार घेणाऱ्या शास्त्रज्ञाने लोकांशी थेट बोलावं की नाही? हा प्रश्न भारतातही विचारला गेलाय. म्हणूनच कॅनडाचं हे प्रकरण सविस्तर समजून घेणं महत्त्वाचं आहे.

मुळात वाद कशाचा होता?

फेब्रुवारी २००६ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे स्टीफन हार्पर कॅनडाचे पंतप्रधान झाले. सरकार येऊन दोन-तीन महिने होत नाहीत तोच पहिली ठिणगी पडली. पर्यावरण खात्यातले शास्त्रज्ञ मार्क टशिंगहॅम यांनी 'हॉटर दॅन हेल' नावाची कादंबरी लिहिली होती. तापलेल्या पृथ्वीवर पाण्यासाठी अमेरिका आणि कॅनडा यांच्यात युद्ध होतं, असं तिचं कथानक. एप्रिल २००६ मध्ये राजधानी ओटावात या पुस्तकावर त्यांचं भाषण ठरलं होतं. पण पर्यावरण मंत्र्यांच्या कार्यालयातून निरोप आला आणि ते भाषण रद्द झालं.

कादंबरी होती, सरकारी अहवाल नव्हता. तरीही.

पुढच्याच वर्षी, म्हणजे २००७ मध्ये, पर्यावरण खात्याने माध्यमांसाठी नवं धोरण आणलं. त्याआधी पत्रकार थेट शास्त्रज्ञाला फोन करायचे आणि शास्त्रज्ञ उत्तर द्यायचे. नव्या धोरणात पत्रकाराने आधी खात्याच्या माध्यम विभागाकडे जायचं. तिथे अनेकदा प्रश्न लेखी मागितले जायचे. मग शास्त्रज्ञाने काय उत्तर द्यायचं, याचा मसुदा तयार व्हायचा आणि तो वरच्या अधिकाऱ्यांकडून मंजूर होऊन यायचा. संपूर्ण खात्याचा आवाज एकच असला पाहिजे, असा त्यामागचा विचार होता. हळूहळू मत्स्य खातं, नैसर्गिक संसाधन खातं अशा इतर ठिकाणीही हीच पद्धत रुळली.

'बोलू नका' न सांगता गप्प कसं बसवलं गेलं?

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. 'शास्त्रज्ञांनी तोंड उघडायचं नाही' असा सरसकट आदेश निघालाच नाही. मुलाखतीला थेट नकार द्यायचीही बऱ्याचदा गरज पडत नव्हती. परवानगीला उशीर झाला की काम आपोआप व्हायचं, कारण बातमी थांबत नाही.

पर्यावरण खात्याच्याच एका अंतर्गत कागदपत्रातून हे बाहेर आलं. ते कागदपत्र २०१० मध्ये माध्यमांच्या हाती लागलं. हवामान बदलाच्या विज्ञानावर माध्यमांत येणाऱ्या बातम्या नव्या धोरणानंतर ८० टक्क्यांहून जास्त घटल्या, असं त्यात लिहिलं होतं. कारणही दिलं होतं. ज्या मोठ्या माध्यमांना त्याच दिवशी बातमी द्यायची असते, त्यांनी शास्त्रज्ञांना विचारणंच कमी केलं होतं.

प्रत्यक्षात हे कसं चालायचं, ते काही उदाहरणांवरून पाहू.

सॅमन माशांचं गूढ : कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रेझर नदीत दरवर्षी समुद्रातून सॉकाय सॅमन मासे अंडी घालायला परततात. तिथले मच्छीमार आणि आदिवासी समाज यांचं जगणं या माशांवर अवलंबून आहे. २००९ मध्ये एक कोटीहून जास्त मासे परततील असा अंदाज होता. परतले जेमतेम १४ लाखांच्या आसपास. मासे गेले कुठे, हे शोधायला सरकारने चौकशी आयोग नेमला.

मत्स्य खात्यातल्या शास्त्रज्ञ क्रिस्टी मिलर यांनी जनुकांचा अभ्यास केला आणि अंडी घालण्याआधीच मरणाऱ्या माशांमध्ये एक विशिष्ट खूण सापडल्याचं दाखवलं. यामागे एखादा विषाणू असू शकतो, असा त्यांचा कयास होता. जानेवारी २०११ मध्ये हे संशोधन 'सायन्स' या नियतकालिकात आलं. जगभरातून पत्रकारांची विचारणा सुरू झाली. पण पंतप्रधानांना साहाय्य करणाऱ्या प्रिव्ही कौन्सिल कार्यालयाने मुलाखती थांबवल्या. मिलर चौकशी आयोगासमोर साक्ष देणार आहेत, असं कारण देण्यात आलं. ती साक्ष झाली ऑगस्ट २०११ मध्ये. म्हणजे ज्यांचं पोट या माशांवर होतं, त्यांना मिलर यांच्या तोंडून त्यांचं संशोधन ऐकायला सात महिने थांबावं लागलं.

ओझोनचं छिद्र : २०११ मध्ये आर्क्टिकवरच्या ओझोन थराचा अभूतपूर्व ऱ्हास झाल्याचं संशोधन 'नेचर'मध्ये आलं. त्याच्या लेखकांपैकी एक होते कॅनडाच्या पर्यावरण खात्यातले डेव्हिड टॅरसिक. पत्रकाराने मुलाखत मागितल्यावर त्यांचं उत्तर साधारण असं होतं, की माध्यम विभाग म्हणेल तेव्हा मी उपलब्ध असेन. खात्याने मात्र मुलाखत देता येणार नाही असं कळवलं. काही आठवड्यांनी परवानगी मिळाली, तोवर बातमी शिळी झाली होती.

बर्फ कसा पडतो? : २०१२ मध्ये 'ओटावा सिटिझन' या वृत्तपत्राच्या पत्रकाराने एक साधा प्रश्न विचारला. कॅनडाची राष्ट्रीय संशोधन परिषद आणि अमेरिकेची नासा मिळून हिमवृष्टीवर अभ्यास करत होते, तो नेमका काय आहे? नासाच्या शास्त्रज्ञाने फोनवर पंधराएक मिनिटांत सगळं समजावून सांगितलं. कॅनडात मात्र या एका प्रश्नावर ११ कर्मचारी कामाला लागले आणि त्यांच्यात डझनावारी ई-मेल फिरले. मुलाखत काही मिळाली नाही.

खडकावरचं शेवाळ : २०१४ मध्ये एका वृत्तसंस्थेच्या पत्रकाराला नद्यांमध्ये वाढणाऱ्या एका शेवाळाबद्दल माहिती हवी होती. दिसायला किळसवाणं असल्याने इंग्रजीत त्याला चक्क 'खडकाचा शेंबूड' म्हणतात. त्यातले तज्ज्ञ मॅक्स बॉथवेल सरकारी नोकरीत होते. मुलाखत द्यायची का आणि त्यात काय बोलायचं, यावर १६ प्रसिद्धी कर्मचाऱ्यांमध्ये ११० पानं भरतील इतके ई-मेल झाले. मुलाखत वेळेत झालीच नाही.

हे सगळं बाहेर कसं आलं? पत्रकारांनी माहितीच्या अधिकारासारख्या तिथल्या कायद्याचा वापर करून हा पत्रव्यवहार मिळवला आणि छापला.

सरकारचं म्हणणं काय होतं?

दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. सरकारचा दावा होता की शास्त्रज्ञांवर बंदी नाही. ते शोधनिबंध छापतात, परिषदांना जातात आणि मुलाखतीही देतात. फक्त खात्याच्या वतीने कोण बोलणार यात सुसूत्रता हवी. धोरणावर बोलणं हे निवडून आलेल्या मंत्र्याचं काम, कर्मचाऱ्याचं नाही.

या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. ब्रिटिश पद्धतीच्या संसदीय व्यवस्थेत सरकारी कर्मचारी तटस्थ असावा, ही जुनी परंपरा आहे. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, कर्मचाऱ्याने निष्ठेने काम करायचं.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये एका प्रकरणात हेच सांगितलं होतं. फ्रेझर नावाच्या महसूल खात्यातल्या अधिकाऱ्याने मेट्रिक मोजमापांच्या सक्तीवरून सरकारवर जाहीर टीकेची मोहीमच उघडली होती. त्याला नोकरीवरून काढलं गेलं आणि न्यायालयाने ती कारवाई योग्य ठरवली. पण त्याच निकालात न्यायालयाने अपवादही सांगितले. सरकार बेकायदा वागत असेल किंवा सरकारच्या धोरणामुळे लोकांचा जीव, आरोग्य, सुरक्षितता धोक्यात येत असेल, तर कर्मचारी जाहीरपणे बोलू शकतो.

शास्त्रज्ञांचा मुद्दा याहूनही सरळ होता. त्यांचं म्हणणं असं, की 'मंत्र्यांचं धोरण चुकलं' असं आम्ही म्हणत नाही. आम्ही फक्त 'ओझोन इतका कमी झाला', 'मासे या कारणाने मरत असावेत' एवढंच सांगतोय. हे आमचं संशोधन आहे आणि लोकांच्या कराच्या पैशातून झालंय. मग ते लोकांना समजावून सांगायला परवानगी कशासाठी?

पुराव्याची अंत्ययात्रा

२०१२ साल उजाडेपर्यंत नाराजी फक्त मुलाखतींपुरती उरली नव्हती. त्याआधी २००८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान सल्लागाराचं पदच बंद करण्यात आलं होतं. २०१० मध्ये जनगणनेची सविस्तर प्रश्नावली भरण्याची सक्ती काढून टाकली गेली. त्यावरून देशाचे मुख्य सांख्यिकी अधिकारी मुनीर शेख यांनी राजीनामा दिला होता.

एप्रिल २०१२ मध्ये मॉन्ट्रियलला ध्रुवीय संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे कॅनडाच्या पर्यावरण खात्यातल्या शास्त्रज्ञांच्या मुलाखतींना प्रसिद्धी अधिकारी सोबत बसतील, अशी व्यवस्था केल्याचं उघड झालं. पाठोपाठ मे महिन्यात सरकारने ओंटारियो प्रांतातल्या प्रायोगिक सरोवर प्रकल्पाचा निधी बंद करत असल्याचं जाहीर केलं. १९६८ पासून चालणाऱ्या या प्रकल्पात ५८ सरोवरं म्हणजे खुली प्रयोगशाळाच होती. आम्लवर्षा आणि डिटर्जंटमधल्या फॉस्फेटमुळे पाणी कसं बिघडतं, हे जगाला इथल्या संशोधनाने दाखवून दिलं होतं.

मग १० जुलै २०१२ रोजी ओटावात एक अजब मोर्चा निघाला. पांढरे कोट घातलेले शास्त्रज्ञ, काळ्या वेशातले लोक आणि पुढे एक शवपेटी. ही होती 'पुराव्याची अंत्ययात्रा'. विज्ञानाचा पुरावा सरकारने मारून टाकलाय, असा त्यामागचा संदेश. शेकडो लोक संसदेसमोर जमले. एरवी घोषणाबाजीपासून चार हात लांब राहणारी ही मंडळी रस्त्यावर उतरली, म्हणून जगभरच्या माध्यमांनी दखल घेतली.

आकडे काय सांगत होते?

पण ही नाराजी मोजक्या लोकांचीच तर नव्हती? याचं उत्तर २०१३ मध्ये मिळालं. सरकारी शास्त्रज्ञांच्या कर्मचारी संघटनेने सर्वेक्षण करून घेतलं. ४ हजारांहून जास्त शास्त्रज्ञांनी उत्तरं दिली.

– ९० टक्के जणांना वाटत होतं की आपल्या कामाबद्दल माध्यमांशी मोकळेपणाने बोलता येत नाही.
– ३७ टक्के जणांना आधीच्या पाच वर्षांत जनतेच्या किंवा माध्यमांच्या प्रश्नांना उत्तर देण्यापासून रोखलं गेलं होतं.
– २४ टक्के जणांना सरकारी कागदपत्रातली माहिती वगळायला किंवा बदलायला सांगितलं गेलं होतं आणि त्यामागचं कारण वैज्ञानिक नव्हतं.

यातला शेवटचा आकडा जास्त गंभीर आहे. मुलाखत न देणं वेगळं आणि माहितीच बदलायला सांगणं वेगळं. हे सर्वेक्षण कर्मचारी संघटनेचं होतं, हे लक्षात ठेवायला हवं. पण त्यानंतर 'शास्त्रज्ञांवर बंदी नाहीच' हे सरकारचं म्हणणं लोकांना पटवणं अवघड झालं.

गाणं, निवडणूक आणि सत्तांतर

२०१५ च्या निवडणुकीआधी आणखी एक प्रकरण गाजलं. पर्यावरण खात्यात स्थलांतरित पक्ष्यांवर काम करणारे टोनी टर्नर हे गाणीही लिहायचे. त्यांनी पंतप्रधानांवर टीका करणारं 'हार्परमॅन' हे गाणं लिहून यूट्यूबवर टाकलं. ते व्हायरल झालं. ऑगस्टमध्ये खात्याने त्यांना रजेवर पाठवून चौकशी सुरू केली. परिणाम उलटाच झाला. १७ सप्टेंबरला कॅनडातल्या अनेक शहरांत लोकांनी एकत्र जमून तेच गाणं गायलं.

हे प्रकरण मात्र डॅलिमोर किंवा मिलर यांच्यापेक्षा वेगळं होतं. टर्नर संशोधनावर बोलत नव्हते, ते थेट राजकीय टीका करत होते. त्यामुळे त्यांच्या बाजूने आणि विरोधात दोन्हीकडे जोरदार मतं होती.

१९ ऑक्टोबर २०१५ च्या निवडणुकीत हार्पर यांचा पराभव झाला. जस्टिन ट्रुडो यांचं लिबरल सरकार ४ नोव्हेंबरला आलं आणि दोनच दिवसांत मंत्री नवदीप बैन्स यांनी जाहीर केलं की सरकारी शास्त्रज्ञ आता माध्यमांशी मोकळेपणाने बोलू शकतील. जनगणनेची सविस्तर प्रश्नावलीही परत सक्तीची झाली.

मग प्रश्न सुटला का?

इथे कर्मचारी संघटनेने हुशारी दाखवली. मंत्र्याने दिलेली परवानगी उद्याचा मंत्री काढून घेऊ शकतो, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी पगारवाढीच्या वाटाघाटींमध्येच हा मुद्दा रेटला. डिसेंबर २०१६ मध्ये झालेल्या करारात लिहिलं गेलं की, आपल्या विज्ञानाबद्दल आणि संशोधनाबद्दल बोलण्याचा शास्त्रज्ञांना अधिकार आहे आणि त्यासाठी त्यांना अधिकृत प्रवक्ता नेमलेलं असण्याची गरज नाही. म्हणजे हा अधिकार आता सेवाशर्तींचा भाग झाला. पुढे २०१७ मध्ये मोना नेमर यांची मुख्य विज्ञान सल्लागार म्हणून नेमणूक झाली आणि २०१८ मध्ये वैज्ञानिक सचोटीचं एक आदर्श धोरणही आलं.

तरीही २०१७ मध्ये संघटनेने पुन्हा सर्वेक्षण केलं, तेव्हा ५३ टक्के शास्त्रज्ञ म्हणाले की अजूनही माध्यमांशी मोकळेपणाने बोलता येत नाही. ९० वरून ५३ म्हणजे सुधारणा मोठी होती. पण सरकार बदललं तरी खात्यातली सवय आणि मनातली भीती लगेच जात नाही, हेही त्यातून दिसलं.

हे फक्त कॅनडातच घडलं का?

नाही. अमेरिकेत २००६ मध्ये नासाचे हवामान शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी आपल्या बोलण्यावर दबाव येत असल्याचं जाहीरपणे सांगितलं. २००८ मध्ये नासाच्याच महानिरीक्षकांच्या चौकशीत आढळलं की तिथल्या प्रसिद्धी कार्यालयाने हवामान बदलाची माहिती कमी महत्त्वाची वाटेल अशा पद्धतीने हाताळली होती.

२०१९ मधला 'शार्पीगेट'चा किस्सा तर सोशल मीडियावर गाजलेला. डोरियन चक्रीवादळाचा धोका अलाबामा राज्यालाही आहे, असं राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ट्विट केलं. थोड्याच वेळात तिथल्या हवामान कार्यालयाने अलाबामाला धोका नसल्याचं ट्विट केलं. नंतर ट्रम्प यांनी दाखवलेल्या नकाशावर काळ्या मार्करने वादळाचा पट्टा अलाबामापर्यंत वाढवलेला दिसला. पाठोपाठ हवामान यंत्रणेच्या मुख्य संस्थेने, नोआने, आपल्याच स्थानिक कार्यालयाला चूक ठरवणारं निनावी निवेदन काढलं. २०२० मध्ये चौकशीत निष्कर्ष निघाला की या निवेदनामुळे संस्थेच्या वैज्ञानिक सचोटीच्या धोरणाचा भंग झाला.

भारतात काय परिस्थिती आहे?

भारतात केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९६४ चे वर्तणूक नियम लागू आहेत. त्यातला नियम ९ सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायला मनाई करतो. नियम ८ माध्यमांशी असलेल्या संबंधांबद्दल आहे. निव्वळ साहित्यिक, कलात्मक किंवा वैज्ञानिक स्वरूपाच्या लेखनाला त्यात पूर्वपरवानगीतून सूट आहे. म्हणजे विज्ञान आणि धोरणावरची टीका यात कागदावर तरी फरक केलाय.

पण प्रत्यक्षात? जानेवारी २०२३ मध्ये उत्तराखंडातल्या जोशीमठमध्ये जमीन खचत होती आणि घरांना तडे जात होते. इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने उपग्रहांच्या आधारे प्राथमिक अहवाल दिला. २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या १२ दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खचली, असं त्यात होतं. ही बातमी देशभर पसरली. १३ जानेवारीला राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने इस्रोसह अनेक संस्थांना पत्र लिहिलं. जोशीमठबद्दल माध्यमांशी बोलू नका आणि सोशल मीडियावर माहिती टाकू नका, असं त्यात सांगितलं होतं. वेगवेगळ्या संस्था आपापला अर्थ लावत असल्याने लोकांमध्ये गोंधळ होतोय, असं त्यामागचं कारण होतं. तो अहवालही संकेतस्थळावरून हटला.

त्यानंतर आठ संस्थांनी जोशीमठचा अभ्यास केला. त्यांचे अहवाल लोकांसमोर आले थेट सप्टेंबर २०२३ मध्ये, तेही उत्तराखंड उच्च न्यायालयाने गुप्ततेचं कारण विचारल्यावर. तोवर घर सोडायचं की डागडुजी करायची, हे जोशीमठच्या लोकांना त्या माहितीशिवायच ठरवावं लागलं.

महाराष्ट्राशी थेट संबंध असलेलं उदाहरण म्हणजे माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाट अहवाल. समितीने तो ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राला दिला. पण तो जाहीर व्हायला मे २०१२ उजाडलं, तेही माहिती अधिकाराची लढाई दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. तेव्हा केंद्रात काँग्रेसच्या नेतृत्वाखालचं सरकार होतं, जोशीमठच्या वेळी भाजपचं. थोडक्यात, हा आजार एका पक्षाचा नाही.

मग रेषा कुठे ओढायची?

कॅनडाच्या अनुभवातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सरकारचं धोरण चुकलं असं म्हणणं आणि मोजणीत काय आढळलं ते सांगणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर काही बंधनं समजण्यासारखी आहेत. दुसरीवर बंधनं आली तर नुकसान लोकांचं होतं. दुसरी, गप्प बसवायला बंदीचा आदेश लागत नाही, परवानगीची लांबलचक साखळी पुरते. आणि तिसरी, मंत्र्याच्या आश्वासनावर मिळालेलं स्वातंत्र्य त्या मंत्र्यापुरतंच टिकतं. ते टिकवायचं असेल तर नियमात लिहून घ्यावं लागतं.

संकटाच्या काळात गोंधळ नको, ही सरकारची काळजी खरी असू शकते. पण माहिती देणारा माणूस गप्प झाला की ती जागा रिकामी राहत नाही. तिथे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवा येऊन बसतात.